सतरावा श्वास

कळमखार गावात भिंतींना न्याहारी द्यायची वेळ सकाळी सातची. त्या वेळेला बाया एका हातात पेजेचं भांडं आणि दुसऱ्या हातात जुन्या लुगड्याचा बोळा घेऊन आपापल्या घराभोवती फिरताना दिसत. तांदळाची पातळ पेज, तिच्यात चिमूटभर गूळ. जमिनीपासून सुरुवात करायची आणि हात पोचेल तिथपर्यंत पुसत न्यायचं. त्याच्या वर भिंत आपलं आपण पोचवून घेते. तेल-तिखट देऊ नये असं सरकारी योजनेच्या पुस्तिकेत छापलं होतं. त्या पुस्तिकेतली जी एकमेव सूचना गावानं मनापासून पाळली, ती हीच. बाकीची पुस्तिका कोणी वाचली नव्हती.

दर्यापूरकडचा हा खारपाणपट्टा. इथली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते, आणि ती फाटली की तिच्यावरचं घरही फाटतं. सिमेंटच्या घरांना चार वर्षांत अशा भेगा जात की शेजाऱ्याकडे कोणती भाजी आहे हे विचारावं लागत नसे. त्यावर तोड म्हणून जीववीट आली. पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा भुगा, सोयाबीनचं कुटार-भुसकट आणि कवक. कवक म्हणजे बुरशीच, पण शिकलेली. तिचे कापसाच्या धाग्याहून बारीक तंतू भुग्यात पसरतात, त्याला आवळून धरतात, आणि साच्यात दहा-बारा दिवसांत हलकी, टणक वीट तयार होते. इतर गावी ही वीट भट्टीत शेकून बुरशी मारून टाकत. कळमखारला मारली नाही. जिवंत ठेवली, कारण जिवंत वीट आपली भेग आपण भरून काढते. घर पडलं तरी उशी पडल्यासारखं पडेल, आणि सेहेचाळीस अंशांच्या उन्हातही आत कूलर लागणार नाही, असं योजनेच्या साहेबांनी सभेत सांगितलं होतं. साहेबांचं सांगणं खरं निघालं, त्यामुळे गाव थोडं घाबरलंच होतं. पण ज्या पऱ्हाटीला काल चुलीत घालत होते, तिच्यातच आज सगळे राहायला गेले.

पंचफुलाबाई काळमेघ यांचं घर त्याच विटांचं. बाई तीस वर्षं गावच्या अंगणवाडीत सेविका होत्या. अर्ध्या गावाची वजनं, उंची आणि दंडाचे घेर त्यांच्या वहीत नोंदलेले. आता मिशा फुटलेले बापईही त्यांच्यासमोर पोट आत घेऊन उभे राहत. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे मोजायला काही उरलं नव्हतं. दोन मुलगे होते, पण ते हाताशी लागत नसत.

थोरला शैलेश आणि धाकटा अतुल. बाप गेल्यावर दोघांनी घराची वाटणी केली. पूर्वेचा भाग शैलेशचा, पश्चिमेचा अतुलचा, आणि मधली खोली मायची. मायच्या खोलीला दोन्हीकडे एकेक दार, आणि मागे परसात उघडणारं तिसरं. परसातच न्हाणी आणि गॅसची शेगडी. मायची वाटणी महिन्यांनी झाली. चैत्र शैलेशचा, वैशाख अतुलचा, ज्येष्ठ शैलेशचा, आषाढ अतुलचा, असं फाल्गुनापर्यंत. ज्याचा महिना त्याचं दार उघडं, त्याच्याकडे जेवण. दुसऱ्याच्या दाराला पलीकडून कडी. इंग्रजी महिने घेतले तर एकतिसाव्या दिवसाचं काय करायचं यावरून भांडण झालं असतं, म्हणून शहाण्या माणसांनी मराठी महिने सुचवले. पाच माणसांच्या सह्या झाल्या. अधिक मासाची आठवण पाचांतल्या एकालाही झाली नाही.

त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला.

अतुलनं विचार केला, ज्येष्ठ तो ज्येष्ठ, मग तो अधिक असो की निज; म्हणजे दादाचा. शैलेशनं विचार केला, आपल्या वाट्याला आला तो खरा ज्येष्ठ, आणि तो यायला अजून महिना आहे. मधला हा चालत्या पाळीचं शेपूट, म्हणजे अतुलचा. दोघांचा तर्क बिनतोड होता. दोघांनी एकमेकांना विचारलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती, पण वाटणीनंतर दोघे एकमेकांशी बोलत नसत. बोलायचंच झालं तर मायमार्फत बोलत, आणि हा विषय मायमार्फत बोलण्याजोगा नव्हता.

शिवाय हा धोंड्याचा महिना. तीन वर्षांतून एकदा जावयाला देव करायचा महिना. वैशाखाच्या अमावस्येला सकाळी अतुलनं पश्चिमेच्या दाराला कडी घातली आणि तो बायकामुलांसह अकोटला सासरी गेला. त्याच सकाळी शैलेशही सहकुटुंब पुसदला सासरी गेला. तिथून सासऱ्यांबरोबर तीर्थयात्रा ठरली होती. जावई एकदा पाटावर बसला की अनारसे संपल्याशिवाय उठत नाही. मधल्या खोलीत पंचफुलाबाई भिंतीला पेज पुसत होत्या. दोन्हीकडून एकाच वेळी गाड्या सुटल्याचा आवाज त्यांनी ऐकला आणि बोळा पिळून ठेवला.

सुरुवातीचे दिवस त्यांना बरेच गेले. परसातल्या शेगडीवर त्या आपल्या हातचं पिठलं करून खात आणि त्यात कोणत्याच सुनेचा हात नाही याचं समाधान मानत. आठव्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की शैलेशच्या दाराखालची फट नाहीशी झाली आहे. उंबरठा आणि फळी यांच्यामध्ये पांढरट, मऊ काहीतरी आलं होतं. बोट लावलं तर कोमट लागलं. वास आंबवलेल्या पिठासारखा.

बाईंनी उलथनं घेऊन ते खरवडून काढलं. दुसऱ्या दिवशी ते दुप्पट आलं होतं, आणि चौकटीच्या दोन्ही बाजूंनीही दाराच्या फळीवर सरकायला लागलं होतं.

त्यांनी जुन्या पेटीतून लेकरांची उंची मोजायची पट्टी काढली, एक कोरी वही काढली आणि रकाने आखले. पूर्वेचं दार, पश्चिमेचं दार, तारीख, उरलेली रुंदी. भिंतीची वाढ उत्तम होती. त्यांच्या अंगणवाडीत इतकं धष्टपुष्ट लेकरू कधी आलं नव्हतं.

दहाव्या दिवशी प्रांजली उमक आली. ती गावची भिंतसेविका. सरकारनं आधी लेकरांना सेविका दिली, मग बाळंतिणींना, आणि योजना आल्यावर भिंतींना. प्रांजली आठवड्यातून एकदा प्रत्येक घरी येई, डॉक्टरच्या नळीसारखं एक नाडीयंत्र भिंतीला लावून ऐके आणि कार्डावर शिक्का मारी. बाईंच्या खोलीत तिनं यंत्र लावलं, दोन्ही दारं पाहिली आणि शिक्का न मारता खाली बसली.

मावशी, या दारांतून कोणी आलं-गेलं नाही का, असं तिनं विचारलं. बाईंनी नाही म्हटलं. मग तिनं जे सांगितलं ते पुस्तिकेच्या चाळिसाव्या पानावर होतं, म्हणजे कळमखारच्या दृष्टीनं ते अप्रकाशितच होतं.

"भिंतीला डोळे नाहीत, मावशी. तिला फक्त श्वास कळतो. आपण सोडतो ती हवा, तिच्यातली वाफ, ऊब. जिथून वारा येतो पण श्वास येत नाही, ती भेग. ती भरायची, एवढंच तिला शिकवलंय. दार म्हणजे तिच्या लेखी मोठी भेगच."

"मी त दिवसभर इथंच बसते. माहा श्वास नाही धरत का ते?"

"एका बाजूचा श्वास ती वाऱ्यातच मोजते. दोन्ही बाजूंनी यावा लागतो. तेव्हा तिच्या लेखी ते दार."

पंचफुलाबाईंनी याचा हिशेब मांडला. पाळीच्या महिन्यांत दुसरं दार बंद असे, पण पलीकडे माणसं असत. सून भाजी निवडे, नातवंडं भांडत, दाराखालच्या फटीतून सगळ्यांचे श्वास ये-जा करत. आता पलीकडे कोणी नव्हतं. परसाचं दार तेवढं शाबूत होतं, कारण त्या स्वतःच तिथून आत-बाहेर करत आणि दोन्ही बाजूंना श्वास टाकत.

आणखी किती दिवस, हे त्यांनी विचारलं. प्रांजलीनं पट्टीवरचे आकडे पाहिले. पंचविसाव्या दिवशी दोन्ही दारं बुजतील. मग ती भरती टणक होईल, आढ्याचा भार तिच्यावर सरकेल, आणि त्यानंतर तिला करवत लावायला परवानगी नाही. छप्पर खाली येतं. कोण्या एकानं येऊन दार उघडलं तर अजून सगळं जागेवर येईल. तिनं खिशातून फोन काढला.

"ठेव तो," बाई म्हणाल्या. "तीस वर्षं दारोदार फिरून लोकाईची लेकरं बोलावून आणली मी. आता आपली बोलवाले नाही जात."

"मावशी, ही भिंत आहे. ही कोणाचा मान ठेवत नाही."

"मंग बरंच हाय. मले बी पाहाचंच हाय, आधी कोणाच्या ध्यानात येते ते."

हा बाईंचा खोडसाळपणा होता, आणि जन्मभर त्यांना तो पचला होता. अंगणवाडी तपासायला येणाऱ्या साहेबांना त्या खिचडीत मीठ न घालता वाढत आणि कोण बोलतो ते पाहत. तीस वर्षांत कोणी बोललं नव्हतं. यातून काय शिकायचं ते मात्र त्या शिकल्या नव्हत्या.

फोन दोघांचेही येत. आठवड्याला एक, ठरल्याप्रमाणे. शैलेशचा फोन कुठल्याशा घाटावरून आला. मागे घंटा वाजत होत्या.

"माय, जेवली का? अतुल काय म्हनते?"

"अतुल काहीच नाही म्हनत."

"तसाच हाय तो. बरं, तब्येत सांभाळजो."

अतुलनं अकोटहून केला तेव्हा दादाकडे पंखा नीट चालतो का, एवढं विचारलं. बाईंनी सांगितलं की दादाकडच्या पंख्याचा आवाज सुद्धा येत नाही. खोटं त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. फोन ठेवल्यावर त्यांनी वहीत दोन्ही दारांची रुंदी लिहिली. पूर्व सात बोटं, पश्चिम नऊ.

भिंतीची तऱ्हा पाहण्यासारखी होती. ती घाई करत नसे. दाराची आतली कडी तिनं एका दिवसात नाही गिळली. आधी कडीचा कोयंडा लोण्यात बुडाल्यासारखा अर्धा बुडाला, मग त्याचं टोक तेवढं बाहेर राहिलं, मग तिथे नुसती एक पुळी राहिली, आणि एके सकाळी तीही सपाट झाली. शैलेशच्या दारामागे त्याच्या फ्रीजची घरघर अष्टौप्रहर ऐकू यायची. सतराव्या दिवशी ती थांबली. वीज गेली असेल म्हणून बाईंनी दिवा लावून पाहिला, दिवा लागला. मग त्यांना कळलं की फ्रीज चालूच आहे.

खोलीत स्वतःचा आवाजही आता वेगळा येई. बोललेलं भिंतीवर आपटून परत येत नसे, तिथेच राहत असे. बाई मोठ्यानं बोलायच्या थांबल्या.

बाविसाव्या दिवशी मात्र त्यांचा धीर सुटला. दोन्हीकडे बोटभर फट उरली होती. त्यांनी शैलेशला फोन लावला; तो डोंगरात होता, लागला नाही. अतुलला लावला. जावयाला तेहेतीस अनारसे वाहण्याचा कार्यक्रम चालला होता, अतुलच्या सासूबाईंनी उचलला आणि अगत्यानं सांगितलं की जावईबापू पाटावर आहेत, उठल्यावर लावतील. जावईबापू उठल्यावर झोपले. बाईंनी पुन्हा लावला नाही. त्या दोन दिवस आळीपाळीनं एकेका फटीला तोंड लावून श्वास सोडत बसल्या. एका बाजूचा श्वास. भिंतीनं तो वाऱ्यातच मोजला. पंचविसाव्या दिवशी सकाळी वहीच्या दोन्ही रकान्यांत त्यांनी शून्य लिहिलं आणि वळणदार अक्षरात खाली सही केली.

निज ज्येष्ठाच्या प्रतिपदेला शैलेश परत आला. वेळेचा तो पक्का; आपला महिना सुरू झाला म्हणून आल्या-आल्या त्यानं मायच्या दाराची कडी काढली आणि दार आपल्याकडे ओढलं. दार उघडलं. आत भिंत होती. गुळगुळीत, पांढरी, कोमट. जणू त्या जागी कधी काही नव्हतंच. तो ओरडत परसातून वळसा घालून धावत आला तेव्हा समोरून, त्याच सकाळी अकोटहून परतलेला अतुलही धावत येत होता. मायला खोलीत स्टुलावर बसलेली पाहून दोघांचा जीव भांड्यात पडला आणि लगेच भांडण सुरू झालं. महिना कोणाचा होता यावर दोघे वाटणीनंतर प्रथमच थेट एकमेकांशी बोलले, तेही चांगला अर्धा तास. बाईंनी चहा टाकला.

"माय, तू सांगतलं काऊन नाही?" शेवटी अतुलनं विचारलं.

"कोणाले सांगू? महिना कोणाचाच नव्हता."

प्रांजलीला बोलावलं. तिनं यंत्र लावून पाहिलं. भार भरतीवर सरकला होता. करवत चालणार नव्हती. उपाय एकच. दोन्ही बाजूंनी माणसांनी रोज तासभर दाराच्या जागेपाशी बसून श्वास द्यायचा. भिंत आपणहून आढ्याचा भार पुन्हा चौकटीवर नेईल, मग बारीक चीर पाडेल, मग ती रुंदावेल. महिना लागेल. एक दिवस चुकला की मागचे चार वाया. आणि जाता जाता तिनं सांगितलं की भिंत स्वतःही श्वास घेते, पण इतका हळू, की माणसाच्या मोजमापात तो बसत नाही. "तरी तिच्याजवळ बसायचं तर जपून बसा," ती म्हणाली. "जे रोज मिळतं ते ती शिकते."

पहिल्या दिवशी दोघेही मुलगे आपापल्या बाजूला बसले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी शैलेशची पेरणी आली, अतुलची दर्यापूरला मीटिंग आली. सुनांना विचारलं तर थोरली म्हणाली की माय कोणाची आहे. मग दोघा भावांचं वाटणीनंतर प्रथमच एका गोष्टीवर एकमत झालं. अमरावतीला अळिंबीच्या शेडसाठी श्वासक मिळतो. कोमट, ओलसर, माणसाच्या श्वासासारखी हवा ठरावीक वेळानं सोडणारं यंत्र, कूलरपेक्षा लहान. एकेकानं एकेक आणलं. भिंतीला डोळे नाहीत. तिला काय कळणार होतं?

मायला त्यांनी हे सांगितलं नाही. आम्ही बसतो गं रोज, एवढं सांगितलं.

माय बसत होती. सकाळी तासभर पूर्वेला, संध्याकाळी तासभर पश्चिमेला, स्टूल भिंतीला टेकवून. बाराव्या दिवशी पूर्वेच्या भिंतीवर केसाएवढी चीर पडली. बाईंनी तिला कान लावला. पलीकडून श्वास येत होता. कोमट, सावकाश, न चुकता. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते कोणी पाहिलं नाही म्हणून त्यांना बरंही वाटलं. शैलेश लहानपणी छातीनं हलका होता; त्याचा श्वास इतका शांत कधीच नव्हता. तीर्थयात्रेचा गुण असेल.

पण सवय वाईट असते. लेकरांना न्यूमोनिया आहे का हे पाहायला अंगणवाडीत घड्याळ लावून मिनिटाचे श्वास मोजतात, आणि बाईंनी हजारांवर लेकरांचे मोजले होते. चीर पडल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी नकळत मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. सोळा. पुन्हा मोजले. सोळा. एव्हाना पश्चिमेलाही चीर पडली होती; संध्याकाळी तिच्याशी अतुलचे मोजले. सोळा. खोकला नाही, उसासा नाही, मध्येच कोणी हाक मारली म्हणून अडखळणं नाही. दुसऱ्या दिवशी सोळा, तिसऱ्या दिवशी सोळा. असा श्वास घेणारं लेकरू त्यांच्या वहीत एकही नव्हतं.

त्या दिवशी बाईंनी स्टूल उचललं आणि खोलीच्या मधोमध ठेवलं. कोणत्याच भिंतीकडे तोंड न करता त्या बसून राहिल्या. प्रांजलीचं बोलणं त्यांना ठाऊक होतं. आज त्या बसल्या नाहीत तर चार दिवस मागे. उद्या नाही बसल्या तर आठ. आणि त्या बसल्या तर महिन्याच्या शेवटी दोन्ही दारं उघडतील, आणि उघड्या दारांपाशी दोन यंत्रं बसलेली असतील.

बराच वेळ गेला. परसात ऊन उतरलं. मग त्या उठल्या, पदर खोचला आणि स्टूल पुन्हा पूर्वेच्या भिंतीशी ओढलं. हिशेब पुरा केल्याशिवाय वही मिटायची नाही, ही तीस वर्षांची शिस्त. चिरेला कान लावून, घड्याळ समोर धरून त्यांनी मोजायला सुरुवात केली.

चौदा, पंधरा, सोळा.

सतरा.

बाईंना वाटलं, आपली चूक. त्यांनी नव्यानं मोजले. सोळा झाले ठरल्या अंतरानं, एकसारखे, आणि त्यांच्या मध्येच कुठेतरी एक वेगळा. थोडा घाईचा, खरखरीत. सोळांच्या रांगेत न बसणारा. पुढच्या मिनिटाला तो पुन्हा आला, या वेळी दुसऱ्याच जागी.

त्यांनी आपला श्वास रोखून धरला. सोळा चालू राहिले. सतरावा थांबला. त्यांनी श्वास सोडला, तसा पलीकडूनही कोणी सोडला.

"शैलेश?" त्यांनी हळूच विचारलं. "पेरणी सोडून आला का रे, लेका?"

उत्तर आलं नाही. शैलेश तसाही विचारलेल्याचं उत्तर देणारा मुलगा नव्हता. बाईंनी चिरेच्या बाजूला तळवा टेकवला. भिंत ताप आलेल्या लेकराच्या कपाळाइतकी गरम होती, आणि तळव्याखाली ती अगदी थोडी, मायेनं म्हणावं इतकी थोडी, वर आली आणि खाली गेली.

पलीकडे शैलेश असेल. चोरून, यंत्राच्या शेजारी, कोणाला न सांगता येऊन बसला असेल. तो लहानपणीही चुकलं की असाच येऊन बसायचा. किंवा पलीकडे कोणीच नसेल, आणि महिनाभर एकटीचाच श्वास ऐकून ऐकून कोणीतरी तो शिकलं असेल.

चीर पाहता पाहता बोटभर झाली होती. आतून कोमट वारा आला आणि त्यांच्या कानाशी थांबला. पंचफुलाबाईंनी स्टुलाची कड धरली. समजा, हा शैलेश नाहीच, ही नुसती भिंत आहे, तर स्टूल मागे ओढायचं, का आणखी थोडं पुढे?